उत्तर: शेगावहून पायी निघायचंय, पण तिकीट चुकलं (तातडीचं)

प्रेषक: खामगावकर, न्यू जर्सी

मंडळी, आईचा नवस आहे. या वर्षी गजानन महाराजांच्या पालखीसोबत शेगावच्या मंदिरापासून अकोल्यापर्यंत मी चालणार. गेल्या साली पालखी २ जूनला निघाली, म्हणून ३० मेचं तिकीट काढलं, परतीचं १४ जूनचं. काल आई फोनवर म्हणाली, "अरे, यंदा ज्येष्ठ दोन आहेत!" १७ मे ते १५ जून अधिक महिना, आणि आषाढी थेट २५ जुलैला. म्हणजे पालखी निघायच्या आधीच मी इकडे परत. तारीख बदलायला जवळजवळ नव्या तिकिटाइतके पैसे मागतायत. शिवाय मुंबईला उतरावं की नागपूरला?

प्रेषक: अकोल्याच्या मावशी

नागपूर! दोह्याहून थेट विमान आहे. मुंबईच्या गर्दीत बॅगा घेऊन कशाला फिरतोस? मी दिवाळीत हेच सांगितलं होतं, तेव्हा कोणी ऐकलं नाही.

प्रेषक: ठाणेकर, एडिसन

मावशी, हे पटत नाही. नागपूरला उतरूनही पुढे शेगावला रेल्वेनेच जायचं. मुंबईहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस धरली की पहाटे शेगाव. मात्र गाडी तिथे जेमतेम थांबते. २०१९ मध्ये सासूबाई आणि एक बॅग उतरली, मी आणि दुसरी बॅग थेट अकोल्याला. जलंब गेलं की दारात उभं राहायचं.

प्रेषक: धामणगावच्या वहिनी

दरवेळी शेगावच का? विदर्भातली जुनी पालखी कौंडण्यपूरची, रुक्मिणीमातेच्या माहेरची, १५९४ पासूनची. तिथे रेल्वे नाही म्हणून कोणी नाव काढत नाही. अमरावतीला उतरून कुऱ्ह्याकडची एसटी धरायची. पुलगाव-आर्वीची छोटी गाडी चालू होती तेव्हा माझी आजी आर्वीला उतरून नावेने वर्धा नदी ओलांडायची, डोक्यावर शिदोरीचं गाठोडं. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत यावर एक ओळही नव्हती, ते मला लागलं.

प्रेषक: ठाणेकर, एडिसन

वहिनी, स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. लेख आलाच नाही तर छापू काय? यंदा लिहून द्या, पूर्ण पान ठेवतो.

प्रेषक: बाळापूरचे काका

बापू, तू कायले घाबरतं? रजा श्रावणात घे. पालखी परत येते तवा खामगाव ते शेगाव लाखो लोक पायी चालतात, सोळा-सतरा किलोमीटर. तुह्या तर घरूनच सुरुवात! अन् जूनमंदी आलाच, तर एक ध्यानात ठेव. अधिक महिना सरल्यावर पालखी निघन, तवा पाऊस पडेल असन, पेरणी चालू असन. नागझरी ते पारस काळी माती पायाले अशी चिकटते का एकेक बूट दोन किलोचा होते. भारी बूट आणू नको, साधी पट्ट्याची चप्पल घाल. आमचा बा तीस वर्षं तसाच चालला.

प्रेषक: अकोल्याच्या मावशी

काका, चप्पल नको. भर पावसात पट्टा तुटून माझ्या भावाचा अंगठा फाटला होता.

प्रेषक: खामगावकर, न्यू जर्सी

काका, परतीच्या वाटेवर मी लहानपणी आईचा हात धरून चाललोय, तो टप्पा माझा आवडता. पण नवस मंदिराच्या दारातून निघण्याचा आहे. आईचे गुडघे आता चालू देत नाहीत, म्हणून तो माझ्याकडे आलाय. त्यात बदल करणार नाही. पैसे भरून तारीख पुढे नेतो, रजाही हलवली. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसच, घरच्या बॅगा ठाण्याला चुलतभावाकडे ठेवून. शेगावातून निघाल्यावर पारस, भौरद, मग अकोला. मावशी, अकोल्यात तुमच्या बहिणीकडे एक रात्र टेकता येईल का? आणि पायात काय घालायचं ते तुम्ही आणि काका मिळून एकदा ठरवून सांगा, म्हणजे शनिवारी खरेदी करतो.