बॅकहो लोडरच्या मागच्या ॲक्सलमधल्या ब्रेक प्लेट्स: सगळ्या बदलायच्या का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आमचा बॅकहो लोडर (पुढे बादली, मागे खोदायचा हात असलेलं यंत्र) खडी क्रशरवर चालतो. मागच्या ॲक्सलमध्ये तेलात बुडालेले ब्रेक (वेट ब्रेक) आहेत. उतारावर ब्रेक दाबला की डावीकडून किंचाळल्यासारखा आवाज येतो, गाडी थरथरते आणि पेडल जास्त खाली जातं. रिझर्व्हायरमधलं ब्रेक ऑइल कमी होतंय, बाहेर मात्र थेंबही नाही. उलट ॲक्सलमधल्या तेलाची लेव्हल वाढलेली दिसते, म्हणजे ब्रेक दाबणाऱ्या पिस्टनचं सील जाऊन ब्रेक ऑइल आत शिरतंय हे जवळपास नक्की.

ॲक्सल खोलणार आहोतच, म्हणून अनुभवी लोकांना विचारतो. फक्त फ्रिक्शन प्लेट्स (घर्षणाचं अस्तर असलेल्या) बदलून भागेल, की मधल्या स्टील प्लेट्सही टाकाव्यात? आमचे मिस्त्री म्हणतात, तापून निळ्या पडल्या नसतील तर स्टील प्लेट्स चालतात. मला ते पटत नाही. रंग ठीक असला तरी प्लेट वाकलेली असू शकते. सपाट काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासणार आहे, पण किती वाक चालवून घ्यावा? आणि खराबी डावीकडेच असली तरी दोन्ही बाजू एकदम कराव्यात ना?

दुसरं, तेलाचं. दुकानदार साधं गिअर ऑइल देतोय. आमच्या मॅन्युअलमध्ये वेट ब्रेकसाठीचंच ॲक्सल ऑइल आणि ब्रेकला मिनरल ऑइल लिहिलंय. (डॉट ३ हे गाड्यांचं नेहमीचं ब्रेक फ्लुइड टाकलं तर नवी सीलं फुगून बाद होतील, ते मी घेणारच नाही.) आवाज नुसत्या चुकीच्या तेलानेही येतो म्हणतात. कोणाचा तेल बदलून आवाज गेलाय का? कोणतं तेल टाकलं होतं?