हार्ट फेल्युअरच्या ट्रायलमध्ये वडिलांना घेतायत (नाशिक), सहीआधी काय पाहायचं?

निफाडकर:
वडील ६४ वर्षांचे, ईएफ (हृदय एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ३२ टक्के. नाशिकला ज्या डॉक्टरांकडे दाखवतो त्यांनी एका नव्या गोळीच्या फेज ३ (बऱ्याच रुग्णांवरच्या, मंजुरीआधीच्या) ट्रायलबद्दल विचारलंय. मराठी माहितीपत्रक दिलंय. त्यात लिहिलंय की निम्म्या लोकांना प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) मिळेल. मग त्यांचे चालू उपचार बंद होतात का? फॉर्मवर वारसाचं नाव कशासाठी? आणि जानेवारी ते मार्च द्राक्षाची काढणी असते, तेव्हा फेऱ्या कशा जमायच्या?

संमतीपत्र_वाचक:
हार्ट फेल्युअरच्या मोठ्या ट्रायल्समध्ये सहसा चालू औषधं तशीच ठेवतात आणि वरून नवी गोळी किंवा प्लासिबो देतात. डापाग्लिफ्लोझिन या औषधाची डापा-एचएफ ट्रायल (निकाल २०१९, रुग्ण ४,७४४) अशीच झाली. तरी तुमच्या पत्रकात तसं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. 'वॉशआउट' (चालू औषध काही दिवस बंद ठेवणं) हा शब्द दिसला तर कोणतं औषध किती दिवस बंद राहणार आणि त्या दिवसांत लक्ष कोण ठेवणार, हे विचारल्याशिवाय सही नको.

वारसाच्या रकान्याने घाबरू नका. क्लिनिकल ट्रायल्सच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई वारसाला मिळते, म्हणून नाव लागतं. मूळ रक्कम ८ लाख धरून वय आणि आजाराची जोखीम यांवरून आकडा काढतात. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत. उपलब्ध असलेले नेहमीचे उपचार न देता प्लासिबोवर ठेवल्याने इजा झाली, तर तीही भरपाईत येते.

सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) संकेतस्थळावर ट्रायलचा नोंदणी क्रमांक टाका. केंद्रांच्या यादीत तुमचं हॉस्पिटल आणि एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित जपणारी समिती) मंजुरी दिसली पाहिजे. हॉस्पिटलची स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किमीच्या आतली चालते. पत्रक घरी आणून सगळ्यांनी वाचा. सही झाल्यावर तुमची प्रत मागून घ्या, ती मिळणं हा हक्क आहे.

इको_रूम:
फेऱ्यांचं वेळापत्रक सहीआधीच मागा. प्रत्येक फेरीला ठरलेल्या तारखेच्या मागेपुढे काही दिवसांची सूट असते, ती किती ते विचारा आणि काढणीचे आठवडे कॅलेंडरवर खूण करून समन्वयकाला दाखवा. प्रवासखर्च पत्रकात लिहिलेला असेल तेवढाच मिळतो. एसटीची तिकिटं जपून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लघवीच्या गोळीचा. बसमध्ये अडचण नको म्हणून रुग्ण त्या सकाळी ती घेतच नाही, मग वजन आणि तपासण्या चुकीचं चित्र दाखवतात. केंद्रावर पोचून घेतली तर चालेल का, हे आधीच फोन करून ठरवा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका, लगेच कळवा.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणायची नाही. तिने अंगात पाणी साठतं आणि किडनीवर ताण येतो. काढा, भस्म, दुसऱ्या डॉक्टरांची औषधं, सगळं सांगा. रिकाम्या स्ट्रिप्स आणि उरलेल्या गोळ्या परत न्या, त्या मोजल्या जातात.

तपासणीत किडनी, पोटॅशियम किंवा बीपी बसत नाही म्हणून नाकारलं, तर त्याचा अर्थ आजार बळावला असा नाही.

निफाडकर:
धन्यवाद. रात्री दम लागला तर पिंपळगावला न्यायचं की थेट नाशिकच्या केंद्रावर?

इको_रूम:
जिथे लवकर पोचाल तिथे. १०८ लावा, केंद्राच्या फोनसाठी थांबू नका. ट्रायलचं कार्ड वडिलांच्या खिशात कायम हवं. त्यावरच्या नंबरवर तिथले डॉक्टर बोलतील आणि गरज पडल्यास गोळी खरी की प्लासिबो ते उघड करता येतं. कशामुळेही भरती झाली, पाय मोडला तरी, केंद्राला लगेच कळवा. त्यांना २४ तासांत पुढे अहवाल द्यावा लागतो. डिस्चार्ज कार्डाची प्रत न्या.

संमतीपत्र_वाचक:
एक राहिलं. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. मात्र गोळी घरीच मनाने बंद करू नका. काही औषधं, उदाहरणार्थ बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी औषधं), एकदम सोडली तर ठोके आणि बीपी उसळतात. शेवटची तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच थांबवा.