प्रतिसाद: जुनाट दुखणं आणि मानसोपचार

"दुखतेय कंबर, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे कशाला?" जुनाट दुखण्यासाठी डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी दिली की पडणारा हा प्रश्न अगदी रास्त आहे. अशी चिठ्ठी हातात पडली की पेशंटला वाटतं, आपल्याला खोटं ठरवलं जातंय. तसं मुळीच नाही, आणि हे चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनीच नीट समजावून सांगायला हवं.

मेलझॅक आणि वॉल या वेदनेवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमी-जास्त होतात आणि त्यावर मेंदूचाही प्रभाव असतो. भीती, अपुरी झोप, सततची काळजी यांनी खरीखुरी वेदनाच वाढते.

म्हणूनच अशा दुखण्यात सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला मदत करणारा मानसोपचार) सुचवतात. त्यात नेमकं काय करतात? बरं वाटलं त्या दिवशी माणूस साचलेली सगळी कामं उरकतो आणि पुढचे दोन-तीन दिवस आडवा होतो. मग हालचालीचीच धास्ती बसते, स्नायू आणखी कमजोर होतात. थेरपिस्ट हे चक्र मोडायला मदत करतो. समजा दहा मिनिटं उभं राहायचं ठरलं, तर चांगल्या दिवशीही दहाच. दुखायची वाट न बघता बसायचं. ऐकायला किरकोळ, पाळायला महाकठीण! म्हणूनच सोबत कुणीतरी लागतं.

२०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अहवालात) सीबीटीचा फायदा दिसला, पण थोडाच. त्यामुळे औषधं आणि व्यायाम परस्पर बंद करू नका. पाय नव्याने लुळे पडले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र थेरपीची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.