'मोघम' आणि 'संदिग्ध' : फरक करावा की करू नये?

अनुवादक, राजारामपुरी :

गेले दोन आठवडे मी राजकीय भाषेवरील एका इंग्रजी व्याख्यानाचा अनुवाद करीत आहे. त्यात वक्ता एका आश्वासनाबद्दल म्हणतो की ते 'व्हेग' आहे, पण 'अँबिग्युअस' नाही. मी लिहिले, "हे आश्वासन मोघम आहे, पण संदिग्ध नाही." पाने तपासून परत आली तेव्हा 'मोघम'वर लाल रेघ होती, वर सुबक अक्षरांत 'संदिग्ध' लिहिले होते आणि समासात शेरा होता की 'मोघम' हा बोलण्यातला शब्द असून वैचारिक लेखनात शोभत नाही. त्यामुळे वाक्य असे झाले : "हे आश्वासन संदिग्ध आहे, पण संदिग्ध नाही."

माझी समजूत अशी आहे. ज्याचा अर्थ एकच असतो, पण त्या अर्थाची हद्द कोठे संपते हे सांगता येत नाही, ते मोघम. ज्याचे दोन निश्चित अर्थ संभवतात आणि त्यांतला कोणता धरावा हे कळत नाही, ते संदिग्ध. "लवकरच भेटू" हे मोघम. "परवाच्या सभेविषयी बोलायचे आहे" हे संदिग्ध, कारण परवा गेलेलाही असतो आणि येणाराही. हा फरक मराठीत रूढ आहे, की मी तो लादतो आहे?

निवृत्त मराठी शिक्षिका, शिवाजी पेठ :

आपण लादत आहात, असे मला वाटते. 'संदिग्ध' हा शब्द 'दिह्' या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ माखणे, लिंपणे. 'संदेह' त्याच धातूचा आणि 'देह'ही त्याचाच. ज्याच्यावर लेप चढल्याने कडा दिसेनाशी झाली आहे, ते संदिग्ध. म्हणजे आपण 'मोघम'च्या पदरात टाकलेला अर्थ मुळात 'संदिग्ध'चा आहे. दोन अर्थांसाठी 'द्व्यर्थी' हा नेमका शब्द होता, परंतु चावट संवादांना तो चिकटल्यापासून गंभीर लेखनात वापरताना हात आखडतो. 'श्लेष' हा कवीने हेतुपुरस्सर घातलेला अलंकार; तो येथे चालणार नाही.

आपल्याकडे भूमिका न घेणाऱ्याला 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात, त्याचाही येथे विचार व्हावा. महाभारताच्या द्रोणपर्वात युधिष्ठिर 'हतः कुञ्जरः' हे शब्द 'अव्यक्त' बोलला, असे म्हटले आहे. म्हणजे वाक्याला दोन अर्थ नव्हते आणि अर्थ धूसरही नव्हता. अर्धे वाक्य द्रोणांच्या कानापर्यंत पोहोचू दिले गेले नाही, एवढेच. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्यानंतर भुईला टेकला. हा तिसरा प्रकार झाला आणि राजकारणात मला तोच सर्वांत घातक वाटतो.

वकील, ताराबाई पार्क :

बाईंच्या व्युत्पत्तीबद्दल मी बोलू शकत नाही, पण हा फरक कायद्याच्या उदाहरणांत अगदी स्वच्छ दिसतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम २९ सांगते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार शून्य होय. तेथील पहिले उदाहरण असे आहे : कोणी 'शंभर टन तेल' विकण्याचे कबूल करतो, पण तेल कोणते हे कोठूनच कळत नाही. अनुवादक ज्याला मोघम म्हणतात ते हेच. परंतु विकणारा केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर त्याच शब्दांचा करार वैध ठरतो, कारण त्याच्या धंद्यावरूनच तेल कळते. दुसरीकडे, १८७२ च्याच पुरावा अधिनियमात 'माझा पांढरा घोडा' असे उदाहरण होते. विकणाऱ्याकडे पांढरे घोडे दोन असतील, तर त्यांतला कोणता अभिप्रेत होता हे बाहेरच्या पुराव्याने दाखवता येते. येथे घोडा मोघम नाही, पांढरा रंगही मोघम नाही. घोडे दोन आहेत, एवढीच अडचण आहे. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तत्त्व तेच राहिले आहे.

संस्कृतचे अभ्यासक, मंगळवार पेठ :

तपासनिसाने 'मोघम' खोडला ते योग्यच केले, मात्र कारण चुकीचे दिले. हा शब्द अरबीतील 'मुब्हम'वरून आलेला दिसतो. शिवकाळात फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठी राजव्यवहारकोश रचला गेला आणि आपण आजही उसनवारी करीत आहोत, याचे मला मनापासून दुःख होते. 'अनिश्चितार्थ' आणि 'अनेकार्थ' अशी जोडी घ्यावी. दोन्ही शब्द स्वतःच आपला अर्थ सांगतात.

निवृत्त मराठी शिक्षिका :

'मोघम'मागे संस्कृत 'मोघ' असण्याची शक्यता आपण का सोडता? गीतेत 'मोघाशा मोघकर्माणः' आहे आणि 'अमोघ' तर शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. मोघ म्हणजे व्यर्थ, निष्फळ. 'व्यर्थ'पासून 'अनिश्चित'पर्यंत अर्थ कसा सरकला हे मला सिद्ध करता येत नाही, हे मान्य आहे. पण शब्द अरबी ठरला तरी मी तो सोडणार नाही. "मोघम बोलू नकोस" हे मला माझ्या आईने शिकवले. "अनिश्चितार्थ बोलू नकोस" असे कोणत्याही घरात कोणी म्हणणार नाही.

गूळ अडत दुकानदार, शाहूपुरी :

आमच्या धंद्यात 'रवा' म्हणजे गुळाची अखंड ढेप, तीस किलोची. परगावचा माणूस 'शंभर रवे आले' हे ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे शिऱ्याचा रवा येतो. यात मोघम काही नाही. दोन्ही अर्थ आपापल्या जागी पक्के आहेत. 'माल बरा आहे' हे मात्र मोघम, आणि म्हणूनच घेणारा ते ऐकून घेतो, पण कण चाखल्याशिवाय भाव बोलत नाही.

तसेच, 'गुळमुळीत' हा आपल्या मातीतला शब्द कोणीच कसा काढला नाही? माझ्या मते तो गुळावरूनच आला असावा. पावसाळी हवेत पाघळलेला गूळ धड घट्ट नसतो, धड पातळ नसतो.

पंचगंगेकाठचा रहिवासी, शुक्रवार पेठ :

आम्हांला हा प्रश्न शब्दकोशातला वाटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत ध्वनिक्षेपकावरून सांगितले गेले की सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे. आमच्या शेजाऱ्यांचे जोते गल्लीत सर्वांत उंच असल्यामुळे ते स्वतःला सखल भागातले समजत नव्हते. मध्यरात्री त्यांच्या आईला खुर्चीत बसवून, चौघांनी ती खुर्ची खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढावे लागले. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे येथील लहान मुलालाही पाठ असते. 'सखल'ऐवजी "पाणी अमुक फुटांवर जाईल" एवढे सांगितले असते, तर प्रत्येकाने आपापली पायरी ओळखली असती.

अनुवादक :

तुमचे उदाहरण वाचून माझा आग्रह वाढला आहे. 'सखल'ला संदिग्ध म्हटले, तर त्यात नेमके काय चुकले हे हातातून निसटते. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी 'सरसकट', 'तत्त्वतः' आणि 'निकष' हे तीन शब्द एकत्र गाजले होते. त्यांतला 'सरसकट' मोघम नव्हता. तो हद्दच नाकारणारा शब्द आहे, आणि म्हणूनच पुढे दीड लाख रुपयांची मर्यादा आली तेव्हा तो लोकांना बोचला. 'तत्त्वतः मान्य' याचे मात्र दोन अर्थ निघत होते : तत्त्व मान्य झाले, म्हणजे आता मिळणारच, किंवा केवळ तत्त्व मान्य झाले, व्यवहार अजून बाकी आहे. ऐकणाऱ्याने पहिला अर्थ घेतला. हा संदिग्धपणा झाला आणि त्याला मोघमपणा म्हणणे सौम्य ठरेल. पाने सोमवारी परत द्यायची आहेत; मी 'मोघम' कायम ठेवून समासात माझे कारण लिहिणार आहे. 'संदिग्ध'बद्दल मात्र बाईंच्या 'दिह्'ने मला खरोखरच अडचणीत टाकले आहे.

निवृत्त मराठी शिक्षिका :

शेठजींना एक सांगावेसे वाटते. 'गुळमुळीत' हा शब्द मला 'गुळगुळीत'च्या शेजारचा वाटतो. धरायला कंगोराच नसलेले, ते गुळमुळीत.

गूळ अडत दुकानदार :

बाई, 'गुळगुळीत'चाही गुळाशी संबंध नाही, हे आपण कशावरून म्हणता?

गृहिणी, गडहिंग्लज :

शेठजी 'मिळमिळीत' आणि 'गुळमुळीत' यांची गल्लत करीत आहेत, असे मला वाटते. भाजीत मीठ-तिखट कमी पडले तर ती मिळमिळीत. तिच्यात जोरच नसतो. गुळमुळीत उत्तर देणाऱ्या माणसाकडे मात्र उत्तर असते आणि तो ते देत नाही. अनुवादकांनी आधी हे सांगावे की ते आश्वासन देणाऱ्याला हद्द ठाऊकच नव्हती, की ठाऊक असून त्याने ती सांगितली नाही?