मदत हवी आहे : सासूबाई म्हणतात झोप सुधारली, घड्याळ म्हणतं कमी झाली. कोणाचं धरायचं?

खाडीकाठ

आम्ही देवगड तालुक्यातले. प्रश्न माझ्या सासूबाईंचा आहे, वय ६८. मामंजी गेल्यापासून त्यांची झोप उडाली. "रातभर डोळ्याक डोळो लागूक नाय" हे रोज सकाळचं पहिलं वाक्य. दिवसभर चिडचिड, जेवणावर वासना नाही, कलमांना मोहर आला तरी बागेत पाऊल टाकायच्या नाहीत. रात्री नवाला अंथरुणात, सकाळी सहाला बाहेर. विचारलं की म्हणायच्या, जेमतेम तीन तास लागली असेल.

ठाण्याच्या भाऊजींनी त्यांच्या मनगटाला झोप दाखवणारं घड्याळ बांधलं. त्यात सहा-साडेसहा तास दिसायचे. मग घरात कुजबुज, की आई झोपतात तर चांगल्या, उगाच बोलतात. ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्या फार दुखावल्या.

फोंडा घाट चढून कोल्हापूरला मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी आधीपासूनची झोपेची अर्धी गोळी तशीच ठेवली आणि अंथरुणात राहायची वेळच कमी केली. रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच, बस. दुपारी झोपाळ्यावर आडवं व्हायचं नाही. झोप येत नसेल तर तळमळत पडायचं नाही, ओटीवर येऊन बसायचं, पेंग आली की परत जायचं. सकाळी सगळं वहीत लिहायचं.

आता वहीत सहापैकी पाच तास झोप अशी नोंद येते. आई स्वतः म्हणतात, "माका आता बरा वाटता." मासळी घ्यायला पुन्हा बंदरावर जातात. पण घड्याळात सव्वापाच तास येतात, म्हणजे पूर्वीपेक्षा तासभर कमीच. भाऊजी म्हणतात, या वयात झोप तोडणारा उपचार कसला, बंद करा, बरं वाटणं हा मनाचा समज आहे. ते काळजीपोटीच बोलतात. मला आई सुधारलेल्या दिसतात, पण समोरचा आकडा खोटा कसा म्हणू? आणि डॉक्टरांना पुढच्या खेपेला नेमकं काय विचारू?

रात्रपाळी

ताई, मी पुण्यात झोपेच्या तपासण्या करणारा तंत्रज्ञ आहे. डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

मनगटावरचं घड्याळ झोप थेट मोजत नाही. हालचाल आणि नाडी टिपतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. जागा माणूस निपचित पडला की त्यालाही ते झोपेत धरतं, आणि निद्रानाश असलेल्यांची अर्धी रात्र अशीच पडून जाते. त्यामुळे आधीच्या सहा-साडेसहा तासांत आईंचं जागं पडून राहणंही मिसळलेलं असणार. आता ते पडून राहणंच उरलं नाही, म्हणून आकडा उतरला. झोप खरोखर थोडी घटलीही असेल. या उपचाराच्या सुरुवातीला ती घटते. झोपेची ओढ साठावी आणि तुटक झोप सलग व्हावी यासाठीच वेळ आखडतात. १९८७ साली आर्थर स्पीलमन यांनी ही पद्धत मांडली. झोप नाही तर उठून बसा, हा नियम रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ चा. दोन्ही मिळून आज सीबीटी-आय नावाच्या उपचारात (निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याची पद्धत) येतात, आणि जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये त्याचीच शिफारस केली.

आता तुमचा मूळ प्रश्न. आम्ही डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला तारा लावतो आणि मेंदूच्या लहरी ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतो. तरीही सकाळी विचारलं की निद्रानाशाचे पुष्कळ रुग्ण झोप लागायला प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ गेला असं सांगतात, आणि एकूण झोप कमी सांगतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना ती रात्र तशीच गेलेली असते. उपचारांच्या अभ्यासांतही हाच फरक दिसतो. वहीतली सुधारणा मोठी, तारांनी मोजलेली लहान, एकूण तास तर फारसे वाढत नाहीत. म्हणून ती सुधारणा पोकळ ठरते का? मला नाही वाटत. निद्रानाशाचं निदानच मुळात तक्रारीवर होतं : झोपायला पुरेशी सवड असून आठवड्यातून किमान ३ रात्री, ३ महिने झोपेचा त्रास, आणि त्याचा दिवसावर परिणाम. आई बंदरावर जाऊ लागल्या, ही मला भाऊजींच्या आकड्यापेक्षा मोठी नोंद वाटते.

वहीचं गणितही करा. आधी ९ पैकी ३ तास, म्हणजे ३३ टक्के. आता ६ पैकी ५, म्हणजे ८३. साधारण ८५ च्या पुढे गेलं की डॉक्टर अंथरुणातली वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवतात. तेव्हा वेळ कधी वाढवायची, हे विचारा. भाऊजींच्या शंकेलाही तेच उत्तर आहे, हे सहा तास कायमचे नाहीत.

पण नुसत्या वाटण्यावरही विसंबू नका. झोपेच्या गोळीने मधली जाग सकाळी आठवेनाशी होऊ शकते. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसालाही कधी कधी छान झोपलो असंच वाटतं. आई घोरतात का? दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का? चालताना तोल जातो का?

हर्णैकर

माझ्या वडिलांचा अनुभव सांगतो. घड्याळात आकडा कमी दिसला की ते त्या दिवशी थकलेलेच असायचे, मग रात्र कशीही गेलेली असो. डॉक्टरांनी ते काढायला लावलं आणि ते निवळले. एक विनंती, आईंना "तुम्ही झोपता" असं कोणी सुनावू नका. रात्र त्यांनी काढलेली असते.

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. तोल जात नाही, दिवसा पेंगत नाहीत. पण घोरतात. माझी मुलगी त्यांच्याजवळ निजते, ती म्हणते आजी मध्येच घोरायची थांबते आणि मग दचकून श्वास घेते. आम्ही ते वयाचं समजत होतो, डॉक्टरांना सांगायचं कधी सुचलंच नाही.

रात्रपाळी

मग पुढच्या खेपेची वाट पाहू नका, हे फोनवर आजच कळवा. ही गोष्ट ना वही सांगेल ना घड्याळ. त्याला रात्रभर श्वास आणि रक्तातला प्राणवायू मोजणारी तपासणीच लागते. काही झोपेच्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो, म्हणून अर्ध्या गोळीचंही त्याच फोनवर विचारा. मनाने मात्र ती अचानक बंद करू नका. जमलं तर मुलीच्या शेजारून मोबाइलवर दोन मिनिटांचं घोरणं रेकॉर्ड करून ठेवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. आणि वही चालू ठेवा.

खाडीकाठ

केला फोन. गुरुवारी बोलावलंय, गोळीचं तेव्हाच ठरवू म्हणाले. भाऊजी ठाण्याहून थेट कोल्हापूरला येतायत.