चिल्का सरोवर: सातपाडा आणि मंगलाजोडी एकाच सहलीत कसे जमवावे?

येत्या हिवाळ्यात आम्ही ओडिशातील चिल्का सरोवर पाहण्यास जात आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि पक्ष्यांचे वेड असलेली शाळकरी मुलगी असल्यामुळे आखणीत जाणकारांची मदत हवी आहे.

मुख्य अडचण सरोवराच्या विस्ताराची आहे. उन्हाळ्यात सुमारे ९०० आणि पावसाळ्यात ११०० चौरस किलोमीटरहून अधिक पसरणाऱ्या या खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सरोवरात इरावती डॉल्फिन प्रामुख्याने समुद्रमुखाकडील सातपाड्याच्या बाजूला दिसतात, तर पक्षी जवळून पाहायचे असतील तर उत्तर काठावरील मंगलाजोडीची दलदल गाठावी लागते. पहिले ठिकाण पुरीहून सोयीचे, दुसरे भुवनेश्वरहून. पुरीत मुक्काम ठेवून दोन्ही करण्यात प्रवासच फार होईल, असे मला वाटते. त्यापेक्षा एक रात्र मंगलाजोडीजवळ राहून पहाटे होडीत बसणे बरे. तेथे बांबूने ढकलत नेण्याच्या साध्या होड्या असतात आणि एके काळी पक्ष्यांची शिकार करणारे गावकरीच आता त्यांची राखण करतात व पर्यटकांना पक्षी दाखवतात, हे वाचल्यापासून मुलीचा हट्ट तिथलाच आहे. मात्र गुडघ्यांचा त्रास असलेल्या व्यक्तीला त्या होडीत चढणे-उतरणे आणि दोन-तीन तास बसणे झेपते का, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

सातपाड्याविषयी माझी शंका वेगळी आहे. यांत्रिक होड्या डॉल्फिनचा पाठलाग करतात, अशी तक्रार अनेकदा कानावर येते. पुरेसे अंतर राखून इंजिन बंद करणारा नावाडी मिळवायचा असेल, तर होडी ठरवताना नेमके काय बोलून घ्यावे? डॉल्फिन दिसले नाहीत तरी चालेल, पण त्यांना घेरून पाहण्याची आमची इच्छा नाही. (सासूबाईंचे मत याहून वेगळे असू शकते.)

नलबण बेटावर पक्षी अभयारण्य असल्याने तेथे उतरता येत नाही, हे ठाऊक आहे; परंतु होडीतून लांबून पाहण्यासाठी तेवढा वेळ द्यावा का? सासूबाईंना सरोवरातल्याच कालीजाई बेटावरील देवीचे दर्शनही घ्यायचे आहे. ते बेट काठावरील बरकुल गावाहून करावे की रंभ्याहून, आणि मंगलाजोडीच्या होडीतून परतल्यावर त्याच दिवशी ते उरकणे वयस्कर व्यक्तीसाठी शहाणपणाचे ठरेल का?