स्टेंट टाकल्यावर खाण्याचं काय
तुम्ही लिहिलंय की अन्ननलिकेतल्या गाठीमुळे तुमच्या बाबांना आता पेजसुद्धा उतरत नाही, डॉक्टर अन्ननलिकेत स्टेंट टाकू म्हणतायत आणि घरचे म्हणतात कशाला उगाच त्रास. माझ्या काकांना टाकला होता म्हणून सांगते. स्टेंट म्हणजे जाळीची नळी असते, एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, अन्ननलिकेत ठेवतात, एकदोन दिवसांत हळूहळू उघडते आणि गिळणं बरंच सुधारतं, पण गाठ काही जात नाही, हे घरच्यांना आधीच नीट सांगा. सुरुवातीला छातीत दुखतं, औषध मागून घ्या, सोसत बसायचं काही कारण नाही.

नंतर चपाती, पाव, मटण, संत्र्याच्या फोडी नकोच, अडकतात. काकांना तूप घातलेला गुरगुट्या भात, मिक्सरमधून काढलेलं वरण चालायचं, मधेमधे घोटभर कोमट पाणी. जेवताना ताठ बसवा, जेवल्यावर लगेच आडवं करू नका. स्टेंट जठराच्या तोंडाशी असेल तर आंबट वर येतं, मग उशाकडची बाजू उंच ठेवावी लागते. पाणी पिताना दरवेळी ठसका लागत असेल तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना कळवा, अन्ननलिका आणि श्वासनलिकेच्या मधे भोक पडलेलं असू शकतं. आणि ते "अजून एक घास खाच" म्हणून मागे लागणं बंद करा प्लीज, भूक खरंच मेलेली असते.